खांबाच्या पलीकडचं

पुण्यातली नोकरी मी सोडली नाही, तीच घेऊन कुंडलला आले. वडिलांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं, आई आधीच गेलेली, आणि मी एकुलती एक. विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायचं माझं काम. साहेबांनी ते घरून करायची परवानगी दिली, पण मोबाइलच्या नेटवर चालणार नाही, घरात केबलचंच इंटरनेट हवं, असं बजावलं. आमच्याकडे मोबाइल तसाही गच्चीवर गेल्याशिवाय धड लागत नव्हता.

गावातल्या केबलवाल्यानं रस्त्यावरच्या खांबावरून बारीक काळी वायर ओढली, खिडकीतून आत घेतली आणि भिंतीवर पांढरा डबा बसवला. वडील खुर्चीतून बघत होते. फौजेत ते सिग्नलला होते, डोंगरदऱ्यांतून टेलिफोनच्या तारा ओढण्यात त्यांची उमर गेली.

"ह्यातनं उजेड जातो म्हणं," ते म्हणाले. "आमी तांब्याची वढायचो. खांद्याची सालटी निघायची."

आजारपणानंतर ते पहिल्यांदाच एवढं सलग बोलले.

पुढं रस्त्याचं रुंदीकरण निघालं. एका सकाळी मी फोनवर एका बाईंना त्यांच्या नवऱ्याच्या पॉलिसीचं सांगत होते, मध्येच आवाज तुटला आणि डब्यावर लाल दिवा लागला. जेसीबीनं ओढ्याजवळ जमिनीतली केबल तोडली होती.

तक्रारीच्या नंबरवरची मुलगी रोज म्हणायची, "मॅडम, मॉडेम बंद करून पुन्हा चालू करा." केबलवाला येऊन बघून गेला.

"ताई, घरातलं तुमचं, खांबापर्यंतचं माझं. दोन्ही ठीक हाय. त्याच्या पुढचं इंटरनेट कंपनीचं, तिथं मला हात लावता येत न्हाई."

कंपनीचे लोक म्हणाले, रस्त्याचं काम संपल्याशिवाय जोडून उपयोग नाही, पुन्हा तुटेल. रस्त्याचा ठेकेदार म्हणाला, इथं केबल आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. प्रत्येकाचं खरंच होतं. मी गच्चीवर उन्हात लॅपटॉप घेऊन बसायचे आणि फोन अर्ध्यावर तुटायचे. साहेबांनी आधी समजुतीनं घेतलं, मग सांगितलं, "या आठवड्यात नाही झालं, तर पुण्याला यावं लागेल."

खाली येऊन मी हे शेजारच्या काकूंना सांगत होते, ते वडिलांनी ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर तक्रारीचा फोन लावून बसले होते, तेवढ्यात, एरवी काठीनं घरातल्या घरातच चालणारे ते एकटेच बाहेर पडले. शेजारच्या काकू धावत आल्या, "आगं, तुजं वडील वढ्याजवळ पडल्यात!"

चरीच्या कडेला मातीत ते पडले होते. तुटलेल्या केबलचं टोक त्यांनी उजव्या हातात धरून ठेवलं होतं.

"टोक घावलंय बघ," ते म्हणाले. "दुसरं पलीकडं आसंल."

मग त्यांना कळ आली आणि बोलणं थांबलं.

मिरजेला खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण आता चालणं होईल असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नोकरी गेल्याचा ईमेल मी दवाखान्याच्या जिन्यात वाचला. आम्ही मिरजेतच असताना कुणीतरी येऊन केबल जोडून गेलं. कोण, ते गावात कुणालाच सांगता आलं नाही.

"माज्यापायी तुजी नोकरी गेली," वडील म्हणाले.

"नाही हो, ती जाणारच होती."

ते खरंही होतं, पण त्यांना ते पटलं नाही.

आता मिरजेतल्याच एका दवाखान्यात मी बिलाच्या खिडकीवर बसते. जवळच खोली घेतली आहे. दिवसा त्यांच्याजवळ एक बाई असते. ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात, विचारलं तर "व्हय" किंवा "न्हाई" एवढंच. रविवारी मी त्यांची दाढी करते. पूर्वी दाढी झाली की ते आरसा मागायचे, मिशी नीट आली का बघायचे. आता मीच आरसा समोर धरते, तर डोळे मिटून घेतात.