खालांचा कूलर आणि माझा ड्रायव्हर

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या समोर राहणाऱ्या खालांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कापसाच्या जिनिंग गिरण्या एकेक करून बंद पडायला लागल्या, तेव्हा तिथे फिटर असलेला त्यांचा मुलगा आखातात गेला. फोन त्यांच्या कामाचा नव्हता. मायलेक बोलायचे ते हातांनी, म्हणून शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, कॉम्प्युटरवर एकमेकांना पाहायचे. इंटरनेट माझ्या घरी होतं. दोन्ही घरांच्या गच्चीवर अँटेना लावून मी ते वायरलेसनं त्यांच्याकडे पोचवलं होतं आणि मोहल्ल्यात भाव खात होते.

मे महिन्यात तो भाव उतरला. त्यांचा कूलर सुरू झाला की चित्र जायचं. खालांनी स्वतःच तोडगा काढला: शुक्रवारी दुपारी कूलर बंद. तोही अकोल्याच्या मे महिन्यात. एकदा बोलणं संपवून उठताना त्या कोसळल्या.

"अम्मी मानतच नाई वं," त्यांची लेक मला म्हणाली. "मी कूलर लावाले गेली का हात धरते. तुयं ते मशीन सुदरव, नाई तं काढून ने."

मला राग आला, कारण ती खरं बोलत होती. मी त्यांच्या कॉम्प्युटरमधल्या वायरलेस कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, वाचायला घेतला. कूलरच्या मोटरचा झटका बसला की कार्ड अडकायचं आणि ड्रायव्हर त्याला रीसेट करायचा. रीसेटमध्ये चिपमधली रजिस्टरं, म्हणजे सेटिंग ठेवायचे बारीक कप्पे, कोरी होतात. ड्रायव्हर त्यांत चॅनेल परत भरायचा, वेग भरायचा. अँटेना कोणता, हे भरायला मात्र लिहिणारा विसरला होता. गच्चीवरच्या अँटेनाची वायर कार्डाच्या दुसऱ्या सॉकेटला, आणि कार्ड बिचारं पहिल्या, रिकाम्या सॉकेटला कान लावून बसायचं.

मी रीसेटच्या आधी अँटेनाचा आकडा वाचून ठेवला आणि नंतर परत लिहिला. तरी चित्र गेलंच. चिप रीसेटमधून पुरती उठायच्या आतच मी लिहीत होते, आणि ती ते पुसून टाकत होती. आधी ती उठली का ते पाहायचं, मग लिहायचं, एवढं शहाणपण यायला माझा आठवडा गेला.

शुक्रवारी कूलर चालू ठेवला. मध्येच चित्र थिजलं. खालांचा हात अर्ध्या वाक्यावर हवेत होता. त्यांनी तो तसाच धरला. लेक कूलरच्या बटणाकडे धावली, मी तिला अडवलं. चित्र हललं. खालांनी वाक्य पुरं केलं.

मुलगा मात्र पडद्याजवळ येऊन काहीतरी विचारत राहिला. लेकीनं त्याचे हात पाहिले. मग मला म्हणाली, "तो अम्मीले इचारून राहिला, आज तू रडत काहून नाई. त्याले वाटे, अम्मी दर शुक्रवारी आपल्याले पाहून रडते, म्हणून ओढणीनं तोंड पुसते."

खालांनी कपाळावरचा घाम पुसल्याची खूण केली आणि कूलरकडे बोट दाखवलं. त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तोच रडायला लागला, आणि खाला हातांनी त्याला पुन्हापुन्हा सांगत राहिल्या, की आता गार वाटतंय.