गाबोळी भरलेली एकच मादी

उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या डोंगरांत आमचं एक लहानसं तळं आहे. निवांत चाललं तरी दुपारच्या जेवणाआधी त्याला पूर्ण फेरी मारून होते. त्यातल्या माशांची पाहणी करणं ही माझी नोकरी. रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकले, पुढचं शिकायला इथे आले आणि इथल्या थंड पाण्यातच अडकले. बोटीवर माझ्यासोबत एक सहकारी असतो. साठीला आलेला, याच गावात वाढलेला. इंजिन तो सांभाळतो, जाळी दोघं मिळून ओढतो.

या तळ्यात चार नावाचा मासा आहे. ट्राउट माशाच्याच घराण्यातला, पण त्याहून जास्त थंडी मागणारा. हिमयुगाचं बर्फ मागे हटलं तेव्हापासून तो इथेच कोंडलेला. नोव्हेंबरात नरांची पोटं केशरी-लाल होतात आणि नर-माद्या काठच्या खडीवर येतात. अंडी तिथेच घातली जातात. अलीकडे मात्र उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, आणि तळाशी शेवाळ कुजून प्राणवायू संपतो. मधे जो पाण्याचा पट्टा उरतो त्यात हे मासे दाटीवाटीने दिवस काढतात. त्यात कुणीतरी आमिष म्हणून आणलेले रोच मासे सुटले, आणि ते इतके वाढले की चारच्या तोंडचं खाणं पळवू लागले.

तेव्हा असं ठरलं की नोव्हेंबरात काही नर-माद्या पकडायच्या, अंडी फळवायची आणि वर डोंगरात एक थंड डोह आहे तिथे नेऊन ठेवायची. प्रस्ताव मीच लिहिला होता. मंजूर झाला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

त्याच सुमारास आई माझ्याकडे राहायला आली होती. मी रोज संध्याकाळी गारठून घरी यायचे आणि ती विचारायची, "काय मिळालं?"

"पर्च मासे मिळाले. रोच तर ढीगभर. चार नाही मिळाला."

"चार नाही, तर किती मिळाले?"

"अगं, चार हे माशाचं नाव आहे."

आईला हे इतकं आवडलं की ती फोनवर सगळ्या बहिणींना सांगत सुटली. मग एका दुपारी मीच तिला तळ्यावरून फोन केला. "आई, एक चार मिळाला!" ती म्हणाली, "एक की चार, ते ठरव आधी," आणि मी बोटीत मोठ्यांदा हसले. ओंजळीत न मावणारी मादी होती. पोट टम्म फुगलेलं, परांना पांढरी किनार. आम्ही तिला धक्क्यालगत पाण्यात बांधलेल्या पिंजऱ्यात ठेवलं. आता फक्त नर हवा होता.

दुसऱ्या दिवशी आई बघायला आली. धक्क्यावर वाकून बराच वेळ बघत राहिली. "भरलेली आहे गं. काय गाबोळी आहे!" म्हणाली. मग माझ्या सहकाऱ्याला आपल्या इंग्रजीत विचारलं, "हजबंड?"

"शोधतोय," तो म्हणाला.

आम्ही शोधलं. खडीच्या प्रत्येक जागी जाळी लावली. लहानपणी सहकाऱ्याने जिथे लाल पोटाचे मासे काठावरून पाहिले होते, तिथेही लावली. जाळ्यात पर्च यायचे, रोच यायचे, एकदा एक बदक अडकलं, ते सोडवताना माझा हात ओरबाडला. नर आला नाही.

मादी तयार झाली की फार थांबून चालत नाही. वेळ गेली की अंडी पोटातच खराब होतात. मी परवाने देणाऱ्या कार्यालयात फोन केला. स्कॉटलंडमधल्या एका तळ्यात चार अजून बऱ्यापैकी आहेत, तिथला एखादा नर आणता येईल का? पलीकडची बाई शांतपणे ऐकून घेत होती. म्हणाली, "तुझ्या जागी मीही विचारलं असतं. पण तिथले मासे वेगळ्या वंशाचे आहेत, आणि त्यांच्यासोबत कुठला रोग येईल सांगता येत नाही. मला नाही म्हणावं लागेल." तिच्या खुर्चीत मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. म्हणून भांडताही आलं नाही.

बातमी गावात पसरली होती. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याकाठचा शेतकरी मासा बघायला आला. त्याने ओढ्यालगत खत टाकणं कधीच बंद केलं होतं, कुंपण घालून मेंढ्याही लांब ठेवल्या होत्या. पिंजऱ्याकडे बघत त्याने विचारलं, "मी आणखी काय करू?"

मी म्हटलं, "तुम्ही करायचं ते केलंत. आधीचं खत तळाच्या गाळात आहे, त्यावरच शेवाळ माजतं. ते निघायला वेळ लागेल."

"किती?"

"आकडा माझ्याकडे नाही," मी म्हटलं. तो मान हलवून निघून गेला.

शेवटी एका सकाळी मी तिला ओल्या कापडात धरलं आणि पोटावरून अंगठा हलकेच फिरवला. दोन-चार अंडी हातावर आली. टपोरी, पारदर्शक असायला हवी होती. ती पांढुरकी, मऊ होती, सोबत गढूळ पाणी. सहकाऱ्याने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"सोडूया," तो म्हणाला.

बोट मध्यावर नेऊन मी तिला पाण्यात धरून ठेवलं. ती काही क्षण माझ्या तळव्यांतच कल्ले हलवत राहिली. मग शेपटीचा एक झटका, आणि खाली गेली. पोटातलं ओझं ती कुठेतरी टाकणार होती, एकटीच. घरी आल्यावर आईने गरम पाण्याचं पातेलं पुढे ठेवलं आणि माझे हात त्यात बुडवले. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. एका माशासाठी इतकं रडू येईल असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या नोव्हेंबरात आम्ही परत जाळी लावली. तेव्हा आई भारतात होती. चार मिळाला नाही. बोटीतच मी अहवालात लिहीत होते, तेव्हा सहकाऱ्याने माझ्या खांद्यावरून वाचलं.

"आढळला नाही. म्हणजे संपला?"

"नाही. म्हणजे फक्त आढळला नाही. संपला म्हणायला पुष्कळ वर्षं असंच लिहावं लागतं."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत जाळी लावायची."

टबात पर्च तडफडत होते, त्यांची मापं घ्यायची राहिली होती. त्याने मोजपट्टी माझ्या हातात दिली, पहिला मासा उचलून पट्टीवर ठेवला, आणि आम्ही कामाला लागलो.