ॲसिडच्या गोळ्या आणि आमची फुगडी

मागच्या वर्षी माझ्या शेजारणीच्या तोंडावर तेज चढलं आणि माझ्या पोटात आग पडली. खरं तेच सांगते, या वयात लपवून काय करू?

कामोठ्याला आमची दारं समोरासमोर. ती उरणची, मासळीवाल्या घरातली. मी साताऱ्याकडची, बोंबलाचा वास आला की खिडकी लावणारी. तरी जमलं, ते फुगडीमुळे. महिला मंडळाने मंगळागौरीचे खेळ बसवले तेव्हा उंचीला उंची आणि वजनाला वजन बघून आमची जोडी लावली. तेव्हापासून दर श्रावणात शेवटची फुगडी आमचीच. बाकीच्या बाजूला होऊन टाळ्या द्यायच्या आणि मधे आम्ही दोघी गरगरायचो. एरवी मला कोण विचारतंय? आमटीत मीठ कमी पडलं तरच घरात माझी आठवण होते. त्या पाच मिनिटांत मात्र अख्खा हॉल माझ्याकडे बघायचा.

मग दोघींचे गुडघे एकदमच कुरकुरायला लागले. लिफ्ट बंद पडली की मजल्यामजल्यावर टेकत आम्ही कमिटीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. तेव्हा दुखण्याचं एवढं काही वाटायचं नाही.

तेवढ्यात तिच्या दुबईच्या लेकीने गोळ्यांची बाटली पाठवली. हायलुरोनिक ॲसिड. त्याने म्हणे सांध्यांत वंगण राहतं, कातडीही मऊ होते.

"ॲसिड?" मी म्हटलं, "बाई गं, ॲसिडने आपण संडास धुतो!"

ती खो खो हसली. "अगो, आपल्या अंगात पन हाय ते. वय झालं का कमी होतं. तू पन घेऊन बघ ना."

"मला नकोत असली थेरं," मी नाक उडवून म्हटलं. झालं! आता मागायची कुठल्या तोंडाने?

दोन-तीन महिन्यांत बाई लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागली. मी दाराच्या भिंगातून बघायची. हातात भाजीची पिशवी, तोंडात गाणं, गाल असे की बायका विचारायच्या पार्लर कुठलं. माझ्या डॉक्टरांना मी सहज म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, "काहींना थोडा फरक पडतो, काहींना नाही. तुम्ही आधी वजन उतरवा." आमचे हे पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातून रिटायर झालेले. ते म्हणाले, "आम्ही मशीनला ग्रीस भरायचो, तसंच असेल." ग्रीस मिळालं तिला आणि करकर राहिली माझ्या वाट्याला. जळून कोळसा झाला नुसता माझा.

श्रावणाच्या तोंडावर प्रॅक्टिस सुरू झाली. मंडळाची अध्यक्ष माझ्या लेकीच्या वयाची. ती गोड आवाजात म्हणाली, "काकू, यंदा तुम्ही बसून गाणी म्हणा. फुगडीला तिसऱ्या मजल्यावरची सून घेऊ." मी शेजारणीकडे बघितलं. ती लगेच म्हणाली, "फुगडी आमचीच. एकदा करू द्या, मग काय ते ठरवा."

माझ्यासाठी भांडली ती. तेही मला झोंबलं. म्हणजे आता हिच्या मेहेरबानीवर मी फुगडी घालायची!

आम्ही हात धरले. पहिल्या दोन-चार गिरक्यांतच माझा उजवा गुडघा ठणकायला लागला. ती मात्र भिंगरीसारखी, मान मागे टाकून हसतेय, "जोरात गो, जोरात!" सगळ्या बायका तिच्याकडेच बघत होत्या. माझ्याकडे एकसुद्धा नाही. आणि मी हात सोडले.

सुटले नाहीत. मी सोडले.

मी जाऊन खुर्च्यांवर आदळले, फारसं लागलं नाही. ती फरशीवर पडली ती मनगटावर. हाड मोडलं. बायका धावल्या तर तशी पडल्या पडल्याच ती ओरडली, "मला नको, तिला बघा! तिचा गुडघा गेला!"

त्या वर्षी शेवटची फुगडी तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने दुसऱ्याच कुणाबरोबर घातली. मी गाणी म्हणायलाही गेले नाही.

पडल्याच्या चौथ्या दिवशी दारात ही उभी. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातात बाटली. "गुडघ्यानं दगा दिला ना तुला? आता नाय म्हनू नको. रोज दोघी घेऊ. आनि झाकन तूच उघड, मला एका हातानं जमत नाय."

तेव्हापासून रोज सकाळी मी तिच्याकडे जाते. एक गोळी तिच्या तळहातावर ठेवते, एक स्वतः गिळते. तिचं प्लास्टर कधीच निघालं, तरी झाकण मीच उघडते. गुडघ्याचं म्हणाल तर काही दिवस बरा असतो, काही दिवस नाही. परवा तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "बघ, तुझा चेहरा पन उजळला," म्हणाली. "यंदा परत घालू फुगडी. अध्यक्षीनबाईला मी सांगून पन आलंय. फक्त हात घट्ट धर."

"धरते," मी म्हटलं.

माझे गुडघे दुखतात. हात कधीच दुखले नाहीत. हे तिला अजून सांगितलेलं नाही.