राग्ना आणि फितीतली कुजबुज

"काय नोकरी करतेस?" असं कुणी विचारलं, की आमची शेजारीण राग्ना शांतपणे सांगायची, "मेलेल्यांची कूस बदलते." विचारणाऱ्याच्या हातातलं वॅफल हातातच राहायचं.

तसं ती खोटं बोलत नव्हती. आमच्या किनाऱ्यावर बोटींशी बोलणारं रेडिओ केंद्र होतं. ते बंद पडलं, पण त्यातलं सगळं बोलणं डोंगरातल्या थंड भुयारात रिळांवर जपलेलं आहे. बुडालेल्या बोटीची चौकशी कधी पुन्हा उघडेल याचा नेम नसतो. रिळं नुसती पडून राहिली, तर फितीचे वेढे चिकटतात. म्हणून राग्ना एकेक रीळ उलगडून पुन्हा गुंडाळायची. आवाज चालू ठेवून. "माणूस बोलत असताना आपण कान झाकणं बरं दिसत नाही," म्हणायची.

एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला मी गेलो. यंत्रातून कुठलंसं जुनं वादळ घोंघावत होतं, एक माणूस ओरडत होता, आणि ही मोजा विणत त्याला म्हणत होती, "हो रे राजा, ऐकतेय." मी डबा दारातच ठेवून परतलो.

मग स्तिग नावाचा नवा साहेब आला. संगणकावर नकला झाल्या, आता रिळं जाळा म्हणाला.

"राग्ना, नक्कल मुळापेक्षा स्वच्छ आहे. खरखर सगळी काढलीय."

"आजीच्या फोटोतल्या सुरकुत्याही काढल्यास का रे?"

जाळण्याआधी निरोप म्हणून तिने कित्येक वर्षांनी एइलेर्तचं रीळ लावलं. एइलेर्त हा तिच्या मैत्रिणीचा, सोल्वीचा बाप. शेजाऱ्यांच्या चार पोरांसकट त्याची बोट बुडाली. तेव्हा केंद्रातला माणूस दुसऱ्या बोटीशी बोलण्यात गुंतला होता. एइलेर्तला फक्त फितीने ऐकलं. आणि चौकशीत ती पहिल्यांदा लावतानाच कुणीतरी चुकीचं बटण दाबलं. "इथे एइलेर्त" एवढं उरलं, पुढचं पुसलं गेलं. गावाने ठरवलं, की हेकट म्हाताऱ्याने मदत मागितलीच नसणार. पोरं त्यानेच घालवली. सोल्वी आजही चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते.

"इथे एइलेर्त" यायच्या जरा आधी, वादळाच्या आत, कुणीतरी कुजबुजलं. मग पुसलेली शांतता. मग पुन्हा तीच कुजबुज.

राग्नाने यंत्र बंद केलं. विणकाम उचललं, खाली ठेवलं, पुन्हा यंत्र लावलं. पुन्हा तेच. संगणकावरच्या नकलेत मात्र काहीच नव्हतं.

स्तिगला बोलावलं. ऐकून त्याचा चेहरा उतरला. "एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो," तो हळूच म्हणाला. "जितकी जास्त वर्षं वेढे न हलता पडून राहतील, तितका ठळक. मधलं पुसलं, शेजारचं राहिलं. आणि मी ते खरखर म्हणून काढलं."

"म्हणजे चौकशीच्या वेळी?"

"तेव्हा ऐकूच आलं नसतं. एवढी वर्षं ठेवलं म्हणून आलं."

सोल्वी यायला तयार नव्हती. "राहू दे गं. आज निदान शंका तरी आहे. त्यांनी खरंच काही मागितलं नसेल तर?"

"तर मी आहे ना. शेवटच्या बाकावर जागा पुष्कळ आहे."

आली. कोटाची बटणंही न काढता बसली. राग्ना, स्तिग आणि सोल्वीला सोबत म्हणून आलेला मी, आम्ही तिच्या मागे उभे राहिलो. कुजबुज आली: "...दीपस्तंभाच्या दक्षिणेला... पाणी आत येतंय... मला सोडा, पोरांना घ्या..."

सोल्वी यंत्राकडे वाकली. "ऐकलं, बाबा," ती म्हणाली. तेवढ्यात दुसरी कुजबुज आली, जणू त्याने उत्तरच दिलं. मी दाराकडे सरकलो. स्तिगने तर राग्नाच्या मोज्याचं टोक धरून ठेवलं होतं.

चौकशी पुन्हा उघडली. त्या रविवारी बुडालेल्यांपैकी एकाची बहीण चर्चमध्ये शेवटच्या बाकापाशी आली आणि सोल्वीला दंडाला धरून पुढे घेऊन गेली. रिळं जाळण्याचं नाव स्तिग आता काढत नाही. भुयारातही एकटा जात नाही.

सोल्वीने मात्र राग्नाला एक विनंती केली. "बाकीच्यांची बदल हवी तर. बाबांची कूस आता बदलू नकोस. असेच राहू देत. अजून थोडे मोठ्याने बोलतील."