आवाजाला कुलूप

लोक दागिने जपतात, शेताचा धुरा-बांध जपतात, कोणी आपली अब्रू जपते. पण स्वतःचा आवाज चोरांपासून जपत हिंडणारा माणूस आख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो तेल्हाऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. मी त्यांना चाचा म्हणे. तसे ते साऱ्या तालुक्याचेच चाचा, कारण ऑटोवर भोंगा बांधून गावभर जी जाहिरात फिरे ती त्यांच्याच आवाजात असे. साड्यांचा सेल, बियाण्याचं नवीन वाण, पीकविम्याची शेवटची तारीख, नापिकीची पाहणी करायला येणारे साहेब, सगळं चाचांच्या गळ्यातूनच गावात शिरे. त्या वर्षांत कापूस काही साथ देत नव्हता, आणि गिऱ्हाईक जितकं कमी, तितका सेल जास्त 'भव्य' होत जाई. दुकानात माशी नसली तरी चाचा "कृपया गर्दी करू नका, सगळ्यांना माल मिळेल" असं काही म्हणत की घरातली बाई पोळी तव्यावर टाकून चप्पल शोधू लागे. त्यांच्या तोंडचं 'कृपया' ही विनंती नसून हुकूम आहे, हे रस्त्यात बसलेल्या गाईलाही कळायचं.

हा एवढा आवाज घरात मात्र खर्च होत नसे. चहा पाहिजे असला तर चाचा बोटानं कप दाखवत, भाजीत मीठ कमी असलं तर भुवई उडवत. चाची वैतागून म्हणे, "इनकी आवाज तिजोरी में रखो और इनको ओटे पे बिठाओ!" फक्त एकदा त्यांनी तो आवाज फुकट उधळला, तो माझ्यासाठी. मी बी. ए. झाले. आमच्या घराण्यात त्याआधी कॉलेजचं गेट कोणी आतून पाहिलेलं नव्हतं, बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ऑटो आमच्या गल्लीत आला आणि भोंगा कडाडला, "तेल्हाऱ्याच्या तमाम नागरिकांनो! आमच्या गल्लीची लेक पदवीधर झाली आहे! कृपया नोंद घ्यावी!" आई लाजून चुलीमागे गेली, बाबा मात्र ऑटोच्या मागंमागं पार बसस्टँडपर्यंत चालत गेले. मला लाज वाटली, असं मी मैत्रिणींना सांगितलं. वाटली नव्हती.

पूर्वी चाचांची जाहिरात कॅसेटवर असे, तोवर सगळं ठीक होतं. मग पेनड्राइव्ह आला आणि चाचांची झोप गेली. अकोल्याला जाऊन रेकॉर्डिंग करायचं, पेनड्राइव्ह काळ्या दोऱ्यात ओवून ताविजाशेजारी गळ्यात घालायचा, आणि ऑटोवाल्याच्या हाती न देता स्वतः दिवसभर बॅटरीशेजारी अंग चोरून बसायचं. कोणी 'कॉपी' म्हटलं की देवीची साथ आल्यासारखे ते दोन पावलं मागं सरत. गंमत म्हणजे जाहिरातीच्या मागं ते जी सिनेमाची गाणी वाजवत, ती त्यांनी कोणाला विचारून घेतलेली नव्हती. मी एकदा म्हटलं, "चाचा, ही बी चोरीच झाली ना?" तर म्हणाले, "गानं तं सगळ्याइचं हाय बेटा. आवाज माया हाय." मी शिकलेली, म्हणून कॉपीराइटचा कायदा समजावून सांगू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "थो कायदा तेल्हाऱ्याले कोन्या गाडीनं येते?"

चोरी व्हायची ती झालीच. अकोट रोडवर एक मोबाईलवाला होता, मेमरी कार्डात गाणी भरून देणारा, मिशी पिळत बसणारा. त्यानं चौकात भोंगा वाजत असताना चाचांची चपलेच्या दुकानाची जाहिरात आपल्या फोनवर टिपून घेतली, कॉम्प्युटरवर कापली, 'चप्पल'च्या जागी आपल्या तोंडानं 'कवळी' जोडली आणि नव्यानं आलेल्या दातांच्या डॉक्टरला विकली. आठवडी बाजारात भाजी घेताना चाचांच्या कानावर त्यांचाच आवाज पडला, "कवळी! मजबूत आणि टिकाऊ! घालून पाहा, फिरून पाहा, आवडली नाही तर बदलून घेऊन जा!" चाचांच्या हातातली पालकाची जुडी खाली पडली. बाजार मात्र पोट धरून हसला, आणि डॉक्टरकडं दुसऱ्या दिवशी रांग लागली.

तेव्हापासून चाचांनी आवाजाला कुलूप लावायचा ध्यास घेतला. अकोल्याच्या कॉम्प्युटरवाल्याकडून पासवर्ड टाकून आणला. ऐन दिवाळीच्या सेलच्या दिवशी स्वतःच तो विसरले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऑटोत बसून तोंडानं ओरडले. मग त्यांना एक नामी युक्ती सुचली. प्रत्येक जाहिरातीच्या मधोमध ते एकदा ठरवून खोकू लागले. तो खोकला म्हणजे त्यांचा शिक्का. कोणी चोरली की आपण सरळ छातीवर हात मारून म्हणायचं, हा खोकला माझा. मोबाईलवाल्यानं जाहिरात खोकल्यासकट उचलली. पुढं तर दुकानदारच हटून बसू लागले, "खोकला नसन तं थे ओरिजनल नोय, आमाले नको." अकोल्याकडचे नवीन जाहिरातवाले चांगल्या धडधाकट गळ्यानं खोकायला शिकले. चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "आता मले खरा खोकला आला तं दवाखान्यातबी कोनी इस्वास नाही ठेवनार!"

मोबाईलवाल्याच्या दुकानावरून जाताना चाचा तोंड फिरवून घेत. अशात एका दुपारी तो स्वतःच धावत आमच्या गल्लीत आला. मिशी खाली आलेली, घामाघूम. त्याचे वडील म्हातारे, त्यांना काही आठवत नसे. सकाळी अकोल्याच्या दवाखान्यातून परत आणताना तिथल्या बसस्टँडवर हा गाडीची चौकशी करायला गेला आणि म्हातारा भलत्याच गाडीत चढून गेला होता. चाचा ओट्यावर होते, मी दारात.

"काहून बे, आज काय चोरायले आला?" चाचा म्हणाले.

"चाचा, बुढा हरवला माया."

चाचा उठले. "ऑटो कोनता हाय?"

"ऑटोनं काय होईन? थो आकोटले गेला का पातूरले गेला, काही पत्ता नाही. तुमी फोनात बोला चाचा. मी गावोगावच्या मोबाईलवाल्याइले धाडतो, थे पुढं धाडतीन. लोकं तुमचाच आवाज आयकते."

मला त्यातली मेख कळली. मी हळूच म्हटलं, "चाचा, मागं गानं नाही, गोंगाट नाही, एवढा साफ आवाज एकडाव बाहेर गेला की कोनीबी पाहिजे तसा जोडन, मंग तुमचं काही राह्यनार नाही."

"मालूम हाय मले," चाचा म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हातातला फोन घेतला.

इतकं सावकाश बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. एकेक शब्द वेगळा, जसा ताटात मांडून ठेवलेला. म्हाताऱ्याची टोपी, हातातली छत्री, दिसेल त्याला 'मास्तर' म्हणायची सवय, काही राहू दिलं नाही. खोकलेही नाहीत. फोन परत देऊन म्हणाले, "घे. वाट साऱ्याइले. कॉपी करा म्हना, पुढं धाडा म्हना." आणि चाचांचा आवाज या फोनातून त्या फोनात उड्या मारत चाचांच्या आधी चार तालुके फिरून आला.

म्हातारा दिवस मावळायच्या आत बार्शीटाकळीला सापडला. चहाच्या टपरीवर कोणाच्या तरी फोनात जाहिरात वाजत होती, आणि तिथंच बसून चहा पिणारा म्हातारा हळहळून म्हणत होता, "कोनाचा बुढा हरवला असन बिचारा, नाही का हो मास्तर?" टपरीवाल्याला तो दुपारपासून मास्तर म्हणत होता, म्हणूनच टपरीवाल्यानं त्याच्या छत्रीकडं पाहिलं.

पुढं मी म्हटलं होतं तेच झालं. तो साफ आवाज वऱ्हाडभर पसरला. त्यातलं अक्षर न् अक्षर कोणीही कापावं, कोणीही जोडावं. चाचांना बोलवायची कोणाला गरज उरली नाही. मोबाईलवाल्यानं मात्र पुन्हा त्यांच्या आवाजाला कात्री लावली नाही. दर ईदला म्हाताऱ्याला घेऊन तो येई आणि म्हातारा चाचांना मास्तर म्हणे. चाचा घरात मोकळेपणानं बोलू लागले, तेव्हा चाची म्हणे, पहले ही अच्छे थे.

मी नोकरीला अमरावतीला आले. परवा ऑफिसखालून ऑटो गेला, भोंग्यात चाचा. एका कोचिंग क्लासच्या ॲडमिशनची जाहिरात, त्यांनी जन्मात न म्हटलेली. गळा तोच, भरदार, म्हातारपण न लागलेला. मी खिडकीत उभी राहूनच फोन लावला. पलीकडून पार बारीक झालेला आवाज आला. मी तावातावानं सगळं सांगितलं, क्लासवाल्याला जाऊन विचारते म्हटलं.

"राहू दे बेटा, पोट्टे शिकून राह्यले ना?" ते म्हणाले. "फक्त येवढं सांग, जोडनाऱ्यानं मंधात कुठी मले श्वास घेऊ देल्ला का नाही?"