विट्याला आणलेला रेकॉर्ड प्लेअर

तमिळनाडूतल्या सेलमहून विट्याला सामान हलवलं तेव्हा सगळ्यात जपून आणला तो रेकॉर्ड प्लेअर, आणि नेमका तोच मुका झाला. तबकडी फिरायची, सुई टेकायची, पण स्पीकरमधून नुसती घुंघुं. बायको तर सोबत आलीच नव्हती.

जन्म गेला आमचा तिकडं. गलाईचं दुकान, म्हणजे सराफांकडचं जुनं सोनं आणायचं आणि मुशीत गाळून शुद्ध करून द्यायचं. सारखं म्हणायचो, दुकान पोराच्या हाती दिलं की गावाकडं जायचं. इथं घर बांधलं, वर मजला चढवला. निघायच्या वेळी ती म्हणाली, तुमी व्हा पुढं. मी पडलो हेकट, झालो पुढं. आता आमच्या गल्लीत निम्म्या घरांना कुलपं आहेत, माणसं सगळी परमुलखात सोनं गाळतायत. संध्याकाळी बोलायला कोण न्हाई. टीव्ही लावतो आणि त्याच्याशीच भांडतो.

फोनवर विचारायचो, कधी येतेस? कधी ती नातवाची परीक्षा सांगायची, कधी गुडघा. एकदा मी लय चिडलो. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आदी ते मशीन चालू करा. गाणं ऐकू आलं की बघू." तो प्लेअर आम्हाला तिथल्या घरमालकानं दिलेला, तमिळ गाण्यांच्या रेकॉर्डींसकट. मी दुपारी जेवायला आलो की ती लावायची. त्यातले शब्द तिला लगेच कळायला लागले, मला फार उशिरा. म्हटलं, एवढंच ना? हे तर मी करतोच.

प्लेअर उघडला. आत कंडेन्सर फुगलेले, बोर्डावरचे सोल्डरचे जुने डाग सुटलेले. डाग देणं तर माझ्या हातचा मळ. कंडेन्सर बदलले, डाग धरावा म्हणून टाकणखार लावला, फुंकणीनं ज्योत मारली, सोन्याला मारतात तशी. बोर्ड करपला. त्यावरची तांब्याची बारीक रेघ सालपटासारखी उचलून आली आणि घरभर घाण वास सुटला. रडू आलं, खोटं कशाला सांगू. ती येण्याचा एकच मार्ग होता, तोही मी जाळून बसलो होतो.

सांगलीला गेलो. सुट्या पार्टांच्या दुकानदारानं बोर्ड बघून विचारलं, भट्टीत घातला होता काय? खरं ते सांगितलं तर तो हसत सुटला, मग मलाही हसू आलं. कुणाबरोबर हसून फार दिवस झाले होते, म्हणून काम उरकल्यावरही तिथंच उगाच चहा पीत बसलो. त्यानं समजावलं, इथं ज्योत चालत नाही. सोल्डरिंगची विजेवरची बारीक सळई घ्या, आणि जळालेल्या रेघेच्या जागी पातळ वायर जोडा.

घरी आल्यावर डोळे फुटायची वेळ आली. वायर केसासारखी, आणि हात आता पहिल्यासारखा स्थिर कुठं राहिलाय? जोडली की सुटायची. चार शिव्या हासडायचो, चष्मा पुसायचो, परत बसायचो. शेवटी एका दुपारी दोन्ही स्पीकर स्वच्छ बोलायला लागले. जेवण तसंच ठेवून मी तिला फोन लावला आणि तो स्पीकरपाशी धरला.

अख्खं गाणं तिला ऐकवलं. मध्येच फोन कानाला लावून बघितला, तर ती गुणगुणत होती. तेवढ्यात मी मनातल्या मनात सगळं ठरवूनसुद्धा टाकलं. मिरजेला गाडीतून उतरवून घ्यायला आपण स्वतः जायचं, गुडघ्यासाठी तिची गादी खालच्या खोलीत घालायची. गाणं संपलं. मी सुई उचलली.

"आवं, झ्याक वाजतंय की," ती म्हणाली. "आता ते नीट बांधा आन् हिकडं घरी घिऊन या."