टीव्हीतले सर

हसायचं असेल तेवढं चहाच्या पहिल्या कपातच हसून घ्या बरं का! माझा हा गाढवपणा दुसऱ्या कपापर्यंत हसण्यासारखा राहत नाही.

मी राहतो सिंदी मेघेला, शाळा नाचणगावच्या पुढे एका बारक्या गावात. शिक्षक दोनच. मॅडमकडे तिसरी-चौथी, माझ्याकडे पहिली-दुसरी, आणि वरून ती ऑनलाइन माहिती! किती पोरं जेवली, किती पोरांनी हात धुतले, सगळं रोज भरायचं. शिकवायचं कधी? ते मात्र कोणी विचारत नाही.

माझा सकाळचा एक नेम होता. लेकरं गोल बसवायची आणि एकेकाला विचारायचं, "घरी काय नवीन?" कोणाची बकरी व्यालेली, कोणाच्या आजोबांचा चष्मा पोह्यात सापडलेला! पहिलीतली माही रोज एकच बातमी द्यायची, "सर, आमच्या घरी बाळ येनार हाये!" बातमी तीच, पण उड्या रोज नव्या. या सगळ्यात अर्धा तास जायचा.

त्यात गावकऱ्यांनी शाळेला एक वस्तू द्यायचं ठरवलं. काय ते सरांनीच सांगावं! मॅडम म्हणाल्या, "सर, चित्रांची पुस्तकं घ्या. लहान लेकरं हायेत. चित्रं पाहून ते बोलतीन, आपन ऐकू. त्याईले ऐकनारं पायजे."

मी ऐकतो होय? भिंतभर टीव्ही मागितला! आणि डोकं काय लढवलं, माहीत आहे? सकाळच्या गप्पाच रेकॉर्ड करून टाकायच्या. टीव्हीतले सर विचारतील, लेकरं बोलतील, आणि खरे सर शेजारच्या खोलीत माहिती भरतील. आहे की नाही हुशारी!

रेकॉर्डिंग घरी केलं. लग्नातला कोट घातला, बायकोनं मोबाईल धरला. "घरी काय नवीन? सांगा बरं!" म्हणायचं, उत्तरासाठी बोटांवर पाच मोजायचे, आणि मग, "अरे वा! शाबास! टाळ्या!" वर्गात जितकी पोरं तितक्यांदा हेच. मध्येच कुकरनं शिट्टी मारली आणि मी ओरडलो, "गॅस बंद कर वं!" तेही आत गेलं. पुन्हा कोण करत बसतो?

पोरं खूश! टीव्हीतल्या सरांबरोबर बोटं मोजायची, शिट्टी झाली की एका सुरात "गॅस बंद कर वं!" आणि टीव्हीतले सर कधी रागवत नाहीत, हा शोध त्यांना दोन दिवसांत लागला.

"सर, मीनं आंघोळ नाई केली!"

"अरे वा! शाबास!"

"सर, मीनं बाबाची चप्पल विहिरीत टाकली!"

"अरे वा! शाबास! टाळ्या!"

मॅडम एकदा डोकावून म्हणाल्या, "टीव्हीत तुमी बरे दिसून राह्यले, सर. पन लेकरांचं ऐकून कोन राह्यलं?"

मी म्हटलं, जळतात झालं!

एका सोमवारी तर भिंतीपलीकडून अशा कडाडून टाळ्या आल्या, की मी माहिती भरता भरता छाती फुगवली. शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा, 'आनंददायी शिक्षण!' अंगठ्यांची रांग लागली.

मंगळवारी लाइन गेली. टीव्ही बंद. झक मारत मी स्वतः गोल करून बसलो. माहीची पाळी आली, पण आज उड्या नाहीत.

"काय वं माही, बाळाचं काय नवीन?"

"काल सांगतलं ना तुमाले."

"मले? कवा?"

तिनं काळ्या पडलेल्या टीव्हीकडे बोट दाखवलं.

"मले पुन्हा सांग न, बेटा."

ती जमिनीवर बोट घासत राहिली. मग म्हणाली, "माय दवाखान्यातून घरी आली. बाळ नाई आलं. ते मेलं म्हने."



"तुमी शाबास म्हनलं," माही सांगत होती. तक्रार नव्हती हो, नुसतं सांगत होती. "मंग साऱ्यांनं टाळ्या वाजवल्या."

शेवटी म्हणाली, "मीनं बी वाजवल्या."

मला रडू फुटलं. पहिली-दुसरीच्या पोरांसमोर, भर वर्गात! "मी चुकलो, माही," एवढंच बोलता आलं. तिनं मान हलवली. चुकलोच होतो.

टीव्ही आता गाण्यांपुरता लागतो. सकाळचा अर्धा तास पुन्हा लेकरांचा. माहिती उशिरा जाते, वरून बोलणी बसतात, बसू द्या.

माहीला रोज विचारतो, "घरी काय नवीन?" ती तोंड उघडायच्या आधी माझ्या बोटांकडे बघते, मोजतोय का ते. बावीस वर्षं नोकरी झालेला मास्तर मी, हल्ली दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो.